भिंतीपलीकडची दोरी

मु. पो. संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी
ता. २४ जुलै १९३३

रा. रा. महिपत भावोजी यांस गोदावहिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र १५ तारखेला शनिवारी मिळालं. घरात माणसांची ये-जा होती, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. गेल्या वर्षीच्या शिमग्यानंतर तुमचं हे पहिलंच पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखायलाही मला थोडा वेळ लागला.

माझी जाऊ चिमा बरी असेल. इकडे लावणी आटोपली. शास्त्री नदी दोनदा चढली, जमालशेठच्या भातगिरणीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागून गेलं. गाय व्याली, पाडा झाला. आमचा वरचा भाताचा कुणगा आप्पांनी लावून दिला. चुलतभाऊ असून सख्ख्यासारखे राबले, हे तुम्हाला मुद्दाम कळवते.

यांच्या खोकल्याचं तुम्ही विचारलंत. खोकला थांबला. आता औषधही लागत नाही. कसलाच त्रास उरलेला नाही, तेव्हा तुम्ही काळजी करू नये.

खोकल्याच्या दोन ओळी झाल्या आणि मग चार पानं तुम्ही यंत्राचीच लिहिली आहेत, म्हणून मीही तिथेच येते. तुम्ही लिहिता, "वहिनी, तुम्हाला यातलं कळायचं नाही, पण दादाला नीट वाचून दाखवा." आणि मग मला समजावता की मुंबईच्या गिरणीत ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फोडल्या की धूळ उडते, ती पंखा ओढून तळघरात नेतो, तिथे उंच कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, त्यांत धूळ अडकते आणि हवा तेवढी बाहेर जाते. भावोजी, हे कोणाला सांगता? त्या पिशव्या काठीने झोडण्यात यांची चौदा वर्षं गेली. तोंडाला फडकं बांधून खाली उतरायचे आणि वर येताना पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. ते सगळं धुणं मी केलं आहे. छाती भरली तेव्हा गिरणीने यांना घरी पाठवलं, आणि ती छाती घेऊन हे इथे आले.

इथे येऊन यांनी काय केलं तेही तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते विसरल्यासारखं लिहिता म्हणून आठवण देते. जमालशेठच्या गिरणीचा कोंडा बाजारभर उडायचा, समोरचा कापडवाला रोज भांडायला यायचा. यांनी लाकडी पेटी केली, आत मांजरपाटाच्या चार लांब पिशव्या टांगल्या, वर आडवा दांडा. इंजिनाच्या पट्ट्यावर सावकाश फिरणारं एक लाकडी चाक बसवलं, त्याला खुंट्या. खुंटी आली की दांडा उचलला जायचा आणि खाली आदळायचा, असं तीनदा. पिशव्या आपणच झटकल्या जायच्या, कोंडा खाली खोक्यात. कोणी काठी उचलायची नाही, कोणी फडकं बांधायचं नाही. कापडवाल्याने स्वतः येऊन पेढे दिले.

मग शिमग्याला तुम्ही आलात. भाताच्या पोत्यावर बसून दोन दिवस त्या पेटीचं चित्र काढलंत. "दादा, तुझ्या नावाने साहेबाला दाखवतो" असं म्हणालात, तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. दिवाळीत तुमच्याच गिरणीतल्या, आपल्या वाडीच्या शिवाच्या पत्रातून कळलं की गिरणीत तसंच यंत्र बसलं आहे, साहेबाने महिपत शिगवणांना हेडफिटर केलं आहे आणि पेटीवर तुमचं नाव रंगवलं आहे.

आता ते यंत्र तुंबतं. नवं कापड होतं तोवर सहा महिने चाललं. आता पिशव्या झटकल्या जातात तरी धूळ खाली पडत नाही, पंखा घरघरतो, दोन पिशव्या फाटल्या. साहेबाने गणपतीपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर जागा जाणार आणि पुन्हा खाली तळघरात काठी घेऊन उतरावं लागणार. म्हणून दादाची आठवण आली.

तर ऐका. चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. ‘यांना’ नव्हे, ‘मला’ असं लिहिते आहे. पेटीला एक गोष्ट आहे, जी तुम्ही पाहिली नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर होती.

ती हवी असेल तर तुमच्या हाताने एक कागद लिहून पाठवा. हे यंत्र कोणी केलं, कुठे केलं, आणि तुम्ही ते कसं नेलंत. असा कागद या घरात हवा. यांनी कधी मागितला नाही, मी मागते.

चिमाला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
गोदा


संगमेश्वर
ता. ४ ऑगस्ट १९३३

रा. रा. महिपत भावोजी यांस,

पत्र आणि पार्सल दोन्ही मिळालं. यांच्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली आणि बिस्किटांचा डबा पाठवलात. बाटली कोनाड्यात ठेवली आहे. बिस्किटं वाडीतल्या पोरांना वाटली.

कागद मात्र परत पाठवते आहे. तुम्ही लिहिलंत, "सदर यंत्र मी माझे वडीलबंधू यांच्या मदतीने तयार केले." मदतीने? तुम्ही पोत्यावर बसला होता. यांनी वर्षभर खुंट्या तासल्या, कधी लांब झाल्या, कधी आखूड झाल्या, चुलीत घातल्या, परत तासल्या. खोकल्याची उबळ आली की रंधा खाली ठेवायचे, उबळ गेली की परत उचलायचे. त्या वर्षाला तुम्ही मदत म्हणता. हा शब्द काढा.

आणि आणखी एक ओळ घाला. गेल्या मार्गशीर्षात यांनी साहेबाला पत्र लिहिलं होतं की यंत्र माझं आहे, भावाने फक्त चित्र आणलं. साहेबाचं उत्तर इंग्रजीत आलं. ते जमालशेठच्या पुतण्याने, अयूबने, आमच्या पडवीत बसून वाचलं. बिचारा वाचता वाचता थांबला, म्हणाला, "चाचा, जाऊ द्या, काही खास नाही." यांनी हट्ट धरला. मग त्याने सांगितलं. तुमच्या भावाने आम्हाला कळवलं आहे की तापानंतर तुमच्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि तुम्ही भलतंसलतं लिहिता, तेव्हा पुन्हा लिहू नये.

यांनी उठून अयूबला पान-सुपारी दिली, पोचवायला खळ्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवसापासून भातगिरणीत जायचे बंद झाले. जमालशेठ दोनदा बोलवायला आला. "माझा काय भरवसा," हे त्याला म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय माझ्या." जमालशेठ हसला, त्याला थट्टा वाटली. मला वाटली नाही. माणसाला चोर लुटून जातो ते एक वेळ सोसवतं. लुटून वर वेडा ठरवतो, ते मी सोसणार नाही. तेव्हा ती ओळ हवी, तुमच्या अक्षरात: दादा वेडा नव्हता, मी खोटं सांगितलं.

शिवाच्या अंगठ्याची साक्ष घ्या. तो त्या तळघरात आहे, त्याला सगळं ठाऊक आहे.

शिवाचं निघालं म्हणून सांगते. परवा त्याची तुळसा माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला आली होती. पडवीत उकिडवी बसली, डोक्यावरचं इरलंसुद्धा काढलं नाही तिने. म्हणाली, "वयनी, लिव त्यांना, परत चक्कर येऊन पडलात तर मना कोण हाय? खाली नको जाव म्हणावं." मी लिहिलं. तुमचं यंत्र तुंबल्यापासून साहेबाने पुन्हा माणसं काठ्या देऊन खाली उतरवली आहेत, आणि आता पंखा चालू असताना झोडायला लावतात, हे तुमच्या पत्रात नव्हतं. ते मला शिवाच्या पत्रांतून आणि तुळसाकडून कळलं. शिवा पडला तो त्याच धुळीत.

तुळसा गेल्यावर मला जेवण गेलं नाही. शिवाला ज्याने वाचवता येईल ते माझ्या पेटाऱ्यात आहे आणि मी तुळसाला लिहून देते की प्रकृतीस जपावे. तुम्ही मला या टोकाला आणलंत, हेही मी तुमच्याच खात्यावर धरते.

म्हणून उशीर करू नका. कागद माझ्या हातात पडला की दुसऱ्या दिवशी उत्तर गिरणीकडे निघेल. मी शब्द मोडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही लिहिलंत, "दादाचा राग गेला का? दादा काहीच का लिहीत नाही?" यांचा राग कधी नव्हताच. तोच तर माझा यांच्याशी तंटा होता. आमच्या घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आहे आणि तो मी नीट सांभाळून ठेवला आहे.

तुमची वहिनी,
गोदा


संगमेश्वर
ता. १९ ऑगस्ट १९३३

महिपत भावोजी,

तुमचं सोळा तारखेचं पत्र काल मिळालं. रागाने लिहिलेलं दिसतं, दोन ठिकाणी टाकाने कागद फाटला आहे. "वहिनी, तुम्ही माझा गळा कापलात." "कागद दादासाठी मागितलात आणि साहेबाच्या टेबलावर ठेवलात." "बोट सुरू झाली की पहिल्या बोटीने जयगडला उतरतो आणि तुम्हाला दादासमोर उभं करून जाब विचारतो."

दादासमोर. बरं. त्याकडे मी येईन. आधी तुमच्या बाकीच्या आरोपांचं बघू.

तुमचा दुसरा कागद नऊ तारखेला आला. चांगला लिहिलात. मदतीने हा शब्द नव्हता, वेडेपणाची ओळ होती, शिवाचा अंगठा होता. खाली तुम्ही "दादा, मला क्षमा कर" असंही लिहिलं होतं, जे मी मागितलं नव्हतं. तो सगळा कागद मी मधल्या घरात उभी राहून मोठ्याने वाचला. ऐकायला कोणी नव्हतं.

दहा तारखेला अयूब कोल्हापूरमार्गे मुंबईला जायचा होता. त्याच्याबरोबर तुमचा कागद दिला, यांनी काढलेलं पेटीचं पुरतं चित्र दिलं आणि साहेबाला चार ओळी माझ्या दिल्या, अयूबने त्या इंग्रजीत उतरवल्या. उत्तर गिरणीकडे निघेल असं मी लिहिलं होतं. तुमच्याकडे निघेल असं मी कुठेच लिहिलेलं नाही. पत्र काढून बघा.

चित्रात काय होतं ते साहेबाच्या सुताराला समजलं, दोन दिवसांत त्याने ते बसवलं, यंत्र चालू झालं. तुम्ही समोर होतात, तरी मीही सांगते. मला ते तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगायचं आहे, दीड वर्ष मी त्याची वाट पाहिली आहे.

पिशवीत वारा भरलेला असताना ती झटकून उपयोग नाही. वारा धुळीला आतून कापडावर दाबून धरतो. झटकाल तेवढी ती विणीत जास्त रुतते. भरलेलं पोतं कधी झटकता येतं का? आधी रिकामं करावं लागतं. म्हणून आधी वाऱ्याची वाट बंद व्हायला हवी, पिशवी लुळी पडायला हवी, मग तीन झटके, मग वाट पुन्हा मोकळी. यांच्या चाकावर तीन आखूड खुंट्यांच्या आधी एक लांब खुंटी होती. ती एक दोरी ओढायची. दोरी भोकातून भिंतीपलीकडे जायची आणि पलीकडे वाऱ्याच्या नळीवर एक झडप होती, ती पडायची. झडपेला वजन म्हणून माझा फुटका वरवंटा बांधला होता.

भिंतीपलीकडे आम्ही बायका तांदूळ निवडायला बसायचो. तिथे दोन पाळणे टांगलेले असायचे. तुम्ही दोरी पाहिलीत. भिंतीत जाताना पाहिलीत, हलताना पाहिलीत. आणि तिथे पोत्यावर बसून म्हणालात, "काय वयनी, पाळणेपण इंजिनावर हलवता काय?" सगळे हसले. हेसुद्धा हसले. उठून पलीकडे चार पावलं यायची होती तुम्हाला, पण बायका बसतात तिथे यंत्राचं काय असणार. तुमच्या चित्रात भिंत कोरी राहिली.

तुम्ही मुंबईला गेलात त्या दिवशी हे मला म्हणाले, "त्यानं चित्रात दोरी काढलीन नाय. लिवूया त्याला." पुढच्या पत्रात लिहू म्हणून राहिलं, आणि मग तुमच्या नावाच्या पाटीची बातमी आली.

साहेबाने तुमची जागा काढून घेतली आणि तुम्हाला तळघरात नेमलं, हे अयूबने लिहिलं आहे. त्याने आणखी एक लिहिलं आहे. मी साहेबाला एकच अट घातली होती, ती त्याने पाळली. पेटीवरचं तुमचं नाव खरवडून तिथे यांचं रंगवलं. ती अट लिहिताना मला यांचं नाव लिहावं लागलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा आडून घेतलं. तुमच्यापायी ते मी एका गोऱ्या साहेबाला लिहून दिलं, अक्षर न् अक्षर सुटं. आता तुम्ही रोज त्या नावाखाली उभे राहणार. तळघरातली हवा आता बरी असते म्हणतात, शिवाला चक्कर येत नाही. तुम्हालाही येणार नाही. ती हवा यांनी दिलेली आहे, एवढं श्वास घेताना ध्यानात असू द्या.

मला वाटलं होतं, हे वाचून मला समाधान होईल. झालं. खोटं कशाला बोलू? अयूबचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा मला बरं वाटलं.

आता दादाकडे येते.

भावोजी, हे ११ जुलैला गेले. मंगळवारी, सकाळची पेज घेतल्यावर. तुमचं पहिलं पत्र आलं तो पाचवा दिवस होता.

मी तुम्हाला एकही अक्षर खोटं लिहिलं नाही. खोकला थांबला होता. औषध लागत नव्हतं. घरात माणसांची ये-जा होती ती दिवसकार्याची होती, आणि मी पत्र लिहायला बसले तो तेराव्याचा दुसरा दिवस. अग्नी आप्पांनी दिला. पाणी आप्पांनी दिलं. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा कावळा बराच वेळ शिवेना, आप्पा म्हणाले, "महिपतला बघायचा असंल," आणि त्यांनी तुमच्या नावाने हात जोडले. आप्पांनी तुम्हाला तार करायला सांगितलं होतं. केली, म्हणून मी सांगितलं.

तुम्ही म्हणाल, वाडीतून कोणीच कसं कळवलं नाही. वाडीची पत्रं कोण लिहितं, भावोजी? लावणीच्या दिवसांत मी अकरा पत्रं लिहिली. अकरा जणींनी माझ्यासमोर बसून डोळे पुसत सांगितलं की यांच्या मरणाचं मुंबईला लिव. मी मान हलवली आणि त्या जागी पावसाचं लिहिलं. अयूबलाही मी बजावलं होतं की तुम्हाला मी स्वतःच कळवणार, त्याने काही बोलू नये. मुंबईहून उत्तरं आली ती वाचणारीही मीच. "तुझ्या घोवाला फार वाईट वाटलंय गो," असं मी तुळसाला वाचून दाखवलं. शिवाने तसं काही लिहिलं नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं. या बायकांनी माझ्या हातावर विश्वास टाकला आणि मी तो हात असा वापरला. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. हे माझ्याकडून वाईट झालं.

तुम्हाला मी सख्ख्या भावाचं सुतक पाळू दिलं नाही. ते दहा दिवस तुम्ही दाढी केलीत, गोडधोड खाल्लंत, पुढे मेलेल्या भावासाठी दुकानातून औषध घेतलंत. मला तेच हवं होतं. तुम्ही यांना जिवंतपणी वेडं केलंत, मी तुम्हाला यांच्या मरणाला परकं केलं.

इथेच पत्र संपवायचं असं मी ठरवलं होतं. दिवा लावून आले, परत बसले. अजून एक आहे, आणि ते तुम्हाला सांगितलं नाही तर ते मला सुखाने जगू देणार नाही.

ज्येष्ठात यांचा हात कापायला लागला होता. तेव्हाच शिवाच्या पत्रातून कळलं होतं की यंत्र तुंबतंय आणि माणसं पुन्हा खाली उतरतात. यांनी मला कागद घेऊन बसवलं. म्हणाले, "महिपतला लिव. दोरीचं सगळं लिव. त्याच्यावर कसला राग धरतेस, धूळ काय तो एकटा खातोय? शिवा खातोय, काशीराम खातोय." यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. चार पानं झाली. शेवटच्या पानावर यांनी स्वतः सही केली, वाकडी आली म्हणून हसले. पाकिटावर पत्ता घातला. टपालपेटीत टाकून ये म्हणाले. मी बाजारात गेले, मीठ घेऊन आले आणि टाकलं म्हणून सांगितलं.

टाकलं नव्हतं. मला तुम्ही तुंबायला हवे होतात.

त्यानंतर हे चोवीस दिवस होते. रोज टपालवाला खळ्यात दिसला की विचारायचे, "महिपतचं उत्तर इलं काय गो?" मी नाही म्हणायची. शेवटी शेवटी विचारणं सोडलं, नुसते माझ्याकडे बघायचे. आपल्या धाकट्या भावाने आपल्याला उत्तरसुद्धा दिलं नाही, असं समजून हे गेले. तुम्ही तेव्हा पापी होतातच, पण त्या एका गोष्टीत तुमचा दोष नव्हता. तो माझा होता. तुम्ही यांचं नाव चोरलंत, आणि मी यांच्यापासून तुम्हाला तोडलं. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला ठरवता येत नाही. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, आणि तुम्ही मला करावी असंही माझं म्हणणं नाही.

ते पाकीट यात घातलं आहे. तसंच बंद आहे. तुमच्यावर रागावून यांनी एक शब्दही त्यात लिहवलेला नाही, लिहिताना मीच हट्टाने विचारलं होतं, रागाचं काही घालू का, तेव्हा म्हणाले, "धाकटा हाय तो." झडपेची माहिती आता तुम्हाला लागणार नाही. बाकीचं लागेल.

जयगडची बोट सुरू झाली की या. जाब विचारायला या, नाहीतर कशालाही या. घर तुमचंही आहे. समोर उभं करायला मात्र आता मी एकटी आहे.

मरणाची बातमी कळली आहे, तेव्हा आधी उठून डोक्यावरून आंघोळ करा. पाकीट मग उघडा.

गं. भा. गोदा हरिश्चंद्र शिगवण